खलनायकाला कायम करा!

नायक होणं ही तशी फारशी अवघड गोष्ट नाही. उंची बरी असावी, नेम अचूक असावा आणि ऐन वेळी पिस्तुलातल्या गोळ्या संपू नयेत. एवढ्या तीन अटी पुऱ्या केल्या की माणूस नायक होतो. खलनायक होणं मात्र जिकिरीचं. त्याला डोकं लागतं, भांडवल लागतं, तळघर लागतं, तळघरात उभी करायला पगारी माणसं लागतात. आणि एवढा सगळा पसारा मांडून झाला की शेवटच्या पानावर निमूटपणे मरावं लागतं. ना प्रॉव्हिडंट फंड, ना ग्रॅच्युइटी. गेली वीस-बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यामुळे कुठलीही नोकरी दिसली की आधी तिच्या सेवाशर्ती बघायची खोड मला जडली आहे. त्या दृष्टीने पाहिलं तर मराठी पुस्तकांतल्या खलनायकाइतकी पिळवणूक गिरणीतल्या बदली कामगाराचीही झाली नसेल.

हा विचार माझ्या डोक्यात आणून सोडला तो माझ्या भाच्याने. हा भाचा इटलीत शिकायला असतो. सुट्टीत टिटवाळ्याला आला तेव्हा सौ.ला वाटलं, चॉकलेटं आणली असतील. त्याने बॅगेतून काढली चित्रकथांची चळत. एकावर घोडा, एकावर कुऱ्हाड, एकावर काळा बुरखा. "एवढा विमानखर्च करून कॉमिक्स आणली?" सौ. म्हणाली आणि पोहे परतायला आत निघून गेली. मला इटालियनचं अक्षरही येत नाही. पण आमच्या कॉमर्सच्या वर्गात अर्थशास्त्रही मी असंच आकृत्या बघून पास झालो होतो. शिवाय भाचा शेजारी बसून भाषांतर करत होता. "मामा, हा मेला, पण परत येतो." "मामा, हाही मेला, पण हापण येतो." तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी कान टवकारले. मेलेला खलनायक पुन्हा कामावर रुजू होतो, ही मला सर्वस्वी नवीन सेवाशर्त होती.

आता यातला थोरला मानकरी म्हणजे टेक्स विलर. १९४८ साली, महायुद्धाच्या राखेतून इटली नुकती उठत असताना, जियान लुईजी बोनेली नावाच्या लेखकाने आणि आउरेलियो गालेपिनी नावाच्या चित्रकाराने हा अमेरिकन घोडेस्वार जन्माला घातला. त्याचं नाव आधी 'टेक्स किलर' ठेवायचं चाललं होतं. पण किलर म्हणजे मारेकरी. मुलांच्या हातात देणार कसं? म्हणून एक अक्षर बदलून विलर केलं. एका अक्षराने मारेकऱ्याचा सज्जन होतो, याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे एका अक्षराने धरावेचं मारावे झालेलं आहे. तर हा टेक्स रेंजर आहे, शिवाय नावाहो आदिवासींचा मुखियाही आहे. म्हणजे सरकारी नोकरी सांभाळून समाजकार्य. आज पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी त्याचा अंक निघतोच आहे.

पण टेक्सला टेक्स केलं ते मेफिस्टोने. हा मेफिस्टो सुरुवातीला जत्रेत हातचलाखी करणारा जादूगार आणि फावल्या वेळात मेक्सिकोवाल्यांचा हेर, अशी दुहेरी नोकरी करत होता. टेक्सने त्याला पकडलं. दुसरा कुणी असता तर तिथेच संपला असता. हा पुढच्या खेपेला खऱ्या काळ्या जादूची परीक्षा पास होऊन आला! खात्याअंतर्गत बढतीचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही. पुढे तो मेला, तर त्याचा मुलगा बापाच्या जागेवर आला. या मुलाचं नाव काय असावं? यमा! आपला यम, रेड्यावरून उतरून थेट अमेरिकेत. आम्ही याला 'अनुकंपा तत्त्वावर नेमणूक' म्हणतो. आणि एवढ्यावर न थांबता पुढे बापालाही मेलेल्यांतून परत आणलं. म्हणजे बाप-लेक दोघेही एकाच आस्थापनेवर.

दुसरा नायक झागोर. याचा जन्म १९६१ चा. जन्मदाता पहिल्याच बोनेलीचा मुलगा सर्जिओ. लिहिताना तो ग्विदो नोलित्ता हे टोपणनाव घेई. चित्रं गाल्लिएनो फेर्री यांची. झागोर हातात कुऱ्हाड घेऊन झाडावरून झाडावर उड्या मारतो आणि त्याच्या मागे चिको नावाचा ढेरपोट्या, सदा भुकेला मित्र धापा टाकत धावतो. या झागोरचा कायमचा वैरी म्हणजे हेलिंगेन नावाचा माथेफिरू शास्त्रज्ञ. हाही कितीदा मरतो आणि कितीदा येतो! आमच्या बँकेत बुडीत म्हणून निर्लेखित केलेलं कर्ज कधी काळी वसूल झालं की शाखेत पेढे वाटतात. इटलीतल्या वाचकाला हेलिंगेन परत आला की तोच आनंद होत असला पाहिजे. खातं बंद झालं म्हणून आपण हळहळत असतो आणि अचानक एक दिवस जमा दिसते.

तिसरा मासला मात्र सरळ उलटा. त्याचं नाव दियाबोलिक. १९६२ च्या नोव्हेंबरात मिलानच्या दोन बहिणींनी, आंजेला आणि लुचिआना जुस्सानी यांनी, तो काढला. दियाबोलिक हा चोर आहे, खुनी आहे, आणि तोच नायक आहे. त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर जिंको हा प्रामाणिक, हुशार, कर्तव्यदक्ष गृहस्थ. आणि बिचारा दर महिन्याला हरतो. म्हणजे इथे पुन:पुन्हा परत येणारा खलनायक कोण, तर कायदा! या पुस्तिकेबद्दल भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटली. आंजेलाबाईंचं ऑफिस म्हणे मिलानच्या कादोर्ना स्टेशनजवळ होतं. सकाळ-संध्याकाळ गाडीने येणारे-जाणारे चाकरमानी त्या बघत. या माणसांना गाडीत उभ्याने वाचता येईल, कोटाच्या खिशात मावेल आणि घर येईपर्यंत संपेल असं काही तरी द्यावं, या विचारातून त्यांनी ती खिशात मावणारी पुस्तिका काढली. टिटवाळा-सीएसएमटी लोकलच्या प्रवाशाकडे इतक्या आपुलकीने बघणारी बाई मिलानमध्ये जन्मली, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

आता या सगळ्यांचे आजोबा. इटलीतल्या साहसकथांची गंगोत्री म्हणजे एमिलिओ साल्गारी. जन्म १८६२, व्हेरोना. हे गृहस्थ स्वतःला कॅप्टन म्हणवून घेत. प्रत्यक्षात एड्रियाटिक समुद्रापलीकडे कधी गेले नाहीत. नकाशे, प्रवासवर्णनं आणि विश्वकोश उघडून ते घरबसल्या मलायाचे चाचे आणि बंगालची जंगलं लिहीत. त्यांचा संदोकान, म्हणजे मलायाचा वाघ, १८८३ पासून इटलीतल्या पोरांच्या मानगुटीवर बसला आहे. याचा कायमचा वैरी जेम्स ब्रूक. हा तर इतिहासातला खराच माणूस, सारावाकचा गोरा राजा. आणि दुसरा वैरी बंगालमधल्या ठगांचा म्होरक्या. त्याचं नाव सुयोधन! महाभारतात दुर्योधनालाच सुयोधन असंही म्हटलं आहे. म्हणजे गदायुद्धात मांडी मोडून पडलेला आपला माणूस थेट इटालियन पुस्तकात उठून बसला. आणि साल्गारींनी त्याला १८५७ च्या धामधुमीत संपवल्यावर काय झालं असेल? बरोबर. त्याचा मुलगा सूड घ्यायला आला. अनुकंपा तत्त्व इटलीत तेव्हापासून लागू आहे.

पण मी खुर्चीत सरसावून बसलो ते वेगळ्याच कारणाने. १८९५ च्या कादंबरीत त्रेमल-नाईक नावाचा बंगाली शिकारी नायक आहे. त्याच्या पदरी 'दर्मा' नावाची पाळीव वाघीण आहे. आणि त्याचा जिवाला जीव देणारा, कुठल्याही संकटात पुढे उडी टाकणारा सेवक कोण, तर कम्मामुरी नावाचा मराठा! "मराठा? आणि नाव कम्मामुरी?" मी विचारलं. "मामा, पुस्तकात तसंच लिहिलंय," भाचा म्हणाला. आता कम्मामुरी हे नाव मराठा समाजात कुठल्या तालुक्यात ठेवतात हा संशोधनाचा विषय आहे. पुढे १९०७ च्या एका कादंबरीत आसामचा जुलमी राजा येतो, त्याचं नाव सिंधिया. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना साल्गारींनी कुणालाही न विचारता आसामला बदली दिली! आणि हाही पुढच्या एका पुस्तकात हिशेब चुकता करायला परत येतो. तरीपण एक गोष्ट मानली पाहिजे. जेव्हा साऱ्या युरोपच्या गोष्टींत गोरा माणूस नायक आणि काळा माणूस चोर, असा सरसकट हिशेब होता, तेव्हा या माणसाने गोऱ्या राजाला खलनायक केलं आणि नायकाची खुर्ची मलायाच्या चाच्याला, बंगाल्याला आणि आमच्या कम्मामुरीला दिली. पुढे १९७६ साली इटलीच्या दूरदर्शनवर संदोकान झाला तो आपला कबीर बेदी. मुंबईच्या सिनेमात तो नायकाच्या शेजारी उभा असे. इटलीत त्याला बघायला रस्ते अडले.

आणि साल्गारी? ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहूनही कर्जात राहिले. १९११ च्या एप्रिलात तुरिन शहरात त्यांनी आपल्या हाताने आयुष्य संपवलं. प्रकाशकांच्या नावे चिठ्ठी ठेवली. तुम्ही माझ्या घामावर श्रीमंत झालात, आता निदान अंत्यविधीचा खर्च तरी करा, असा तिचा आशय. सुयोधनाला दोनशे पानांत लोळवणारा माणूस स्वतःच्या खलनायकापुढे हरला, कारण त्या खलनायकाकडे ना तळघर होतं ना बुरखा. त्याच्याकडे फक्त करारपत्र होतं. जमाखर्चाची वही हातात घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट वाचून हसू येत नाही.

असो. आता आपल्या घरी येऊ.

मराठी रहस्यकथेचं नाव काढलं की पहिलं पान बाबूराव अर्नाळकरांचं. १९०६ ते १९९६ असं त्यांचं नव्वद वर्षांचं आयुष्य. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. रहस्यकथा लिहिल्या हजारावर. आमच्या वडिलांच्या पिढीतली गिरणगावातली, गिरगावातली आणि लोकलमधली निम्मी माणसं वाचायला शिकली ती यांच्यामुळे. त्यांचा धनंजय आणि त्याचा छोटू, त्यांचा झुंजार आणि त्याची विजया, त्यांचा काळापहाड. यातले झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या कुंपणावर बसलेले नायक. पोलीस त्यांच्या मागे आणि ते दुष्टांच्या मागे. दियाबोलिकच्या कितीतरी आधी गिरगावात हा माल तयार होता. फरक एवढाच, की इटलीतला चोर स्वतःसाठी चोरतो आणि आमचा झुंजार न्यायासाठी. मराठी माणसाला चोरीतसुद्धा तत्त्व लागतं.

पण या हजार पुस्तकांतला एक तरी खलनायक तुम्हाला नावानिशी आठवतो का? मी आमच्या डब्यात सर्वांना विचारून पाहिलं. धनंजय आठवतो, छोटू आठवतो, वेळप्रसंगी गाडीचा रंग आठवतो. खलनायक? "तो नाही का, जाडा... काळा कोट घालायचा..." यापुढे कुणाची मजल जाईना. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकर आले, त्यांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आले. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सायकलवर बसवून दिला. त्याचा 'ट्टॉक्' अजून कानात वाजतो. पण त्याने पकडून दिलेल्या चोरांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? नायक कायम आणि खलनायक रोजंदारीवर, ही मराठी रहस्यकथेची पहिल्यापासूनची आस्थापना-पद्धत. दर पुस्तकाला नवा माणूस, एकदा वापरला की बाद. नारायण धारपांच्या समर्थांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे वाईट शक्ती परत परत येते, पण तिला चेहरा नाही. आणि चेहरा नसलेल्याचं मस्टरवर नाव कसं घालणार?

मला विचाराल तर याचं कारण धंद्याच्या रीतीत आहे. टेक्सची गोष्ट अंकाअंकातून पुढे सरकते. आज अर्धी, उरलेली पुढच्या महिन्यात. तिथे खलनायक हे खेळतं भांडवल. ते संपवलं तर पुढच्या महिन्याचा धंदा कशावर करणार? आपली रहस्यकथा मात्र फिरत्या वाचनालयातून येई आणि दुसऱ्या दिवशी परत जाई. एका दिवसात आणायची, वाचायची, बदलायची. आधीचा भाग वाचनालयात असेलच याची शाश्वती नाही. मग जुना खलनायक आणून करणार काय? ज्याने मागचं पुस्तक वाचलं नाही तो विचारणार, हा कोण? म्हणून प्रत्येक पुस्तकाचं खातं त्या त्या पुस्तकात बंद. रोजचा ताळेबंद रोज. मधल्या काळात १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजाल कॉमिक्समधून अमेरिकन वेताळ मराठीत येत राहिला. त्याच्याकडे तर अनुकंपा तत्त्व नायकालाच लागू. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, अशा एकवीस पिढ्या. आम्हा पोरांना वाटे, वेताळ अमर आहे. त्याचा फक्त फॅमिली पेन्शनचा कागद व्यवस्थित होता.

मराठीत खलनायक कायम झाला तो पुस्तकात नव्हे, सिनेमात. आणि त्याचं नाव नीळू फुले. इथे गंमत बघा. नायक दर सिनेमात बदलतो. आज हा, उद्या तो. खलनायक मात्र तोच. कधी पाटील, कधी सरपंच, कधी साखर कारखान्याचा चेअरमन. नाव बदलेल, फेटा बदलेल, पण तो खालचा आवाज आणि ती तिरकी नजर एकच. सिनेमा संपताना तो हरे आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या गावात निवडून आलेला असे. मेफिस्टोला परत यायला काळी जादू लागली. याला नुसती निवडणूक पुरली. आणि माणूस कोण? राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला कार्यकर्ता, तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, आयुष्यभर सामाजिक कामाला हात देणारा. पण खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना समोर बघून शिव्याशाप देत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावावरचं कर्ज आपल्या खात्यात ओढून घेणारा असा जामीनदार मी बँकेत एकही पाहिला नाही.

म्हणजे ताळेबंद असा मांडता येतो. इटलीत नायक आणि खलनायक दोघेही कायम. मराठी रहस्यकथेत नायक कायम, खलनायक हंगामी. मराठी सिनेमात खलनायक कायम, नायक हंगामी. आता चौथा रकाना उरला, तो आपल्या पुराणांनी कधीच भरून ठेवला आहे. जय आणि विजय हे वैकुंठाचे दोन द्वारपाल. त्यांनी सनकादिकांना दारात अडवलं आणि शाप ओढवून घेतला. उ:शापात म्हणे दोन पर्याय मिळाले. भक्त म्हणून सात जन्म घ्या, नाही तर वैरी म्हणून तीन. दोघांनी तीनवाला फॉर्म भरला. आधी हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. म्हणजे खलनायक बाहेरचा कुणी नव्हेच. आपल्याच ऑफिसचा शिपाई, डेप्युटेशनवर पाठवलेला! म्हणून तर शिशुपालाचे शंभर अपराध भगवंतांनी मोजत ठेवले आणि एकशे एकाव्याला खातं बंद केलं. घरच्या माणसालाच इतकी उचल मिळते. मेफिस्टो परत येतो यात इटलीवाल्यांनी नवीन ते काय केलं?

एवढं झाल्यावर मला वाटलं होतं की प्रकरण मिटलं. पण मी टिटवाळ्यात राहतो. आणि टिटवाळ्यात राहणाऱ्याला खलनायकाचा विषय इतक्या स्वस्तात सोडवता येत नाही. आमच्या गावाची आख्यायिका तुम्हाला ठाऊकच आहे. इथे कण्व मुनींचा आश्रम होता, इथेच शकुंतला वाढली; आणि दुष्यंत तिला विसरल्यावर कण्वांच्या सांगण्यावरून तिने महागणपतीची स्थापना केली. अंगारकीला आमच्या स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते ती या विसरभोळ्या राजामुळे. आणि राजा विसरला कशामुळे? दुर्वासांच्या शापामुळे. झालं! दुर्वास म्हणजे आमचा गावचा मेफिस्टो. शाकुंतलात येतो, अंबरीषाच्या दारात येतो, इंद्राला शाप देऊन समुद्रमंथन घडवतो, वनवासात द्रौपदीची थाळी धुऊन झाल्यावर शिष्यांचा तांडा घेऊन जेवायला येतो. पुन:पुन्हा येणारा, कधीही न मरणारा.

पण जरा महाभारत उघडून पाहिलं तर तिथे शकुंतलेची गोष्ट आहे आणि शाप नाही! दुष्यंताला सगळं आठवत असतं. भर दरबारात तो शकुंतलेला ओळख देत नाही, आणि आकाशवाणी झाल्यावर म्हणतो, लोक काय म्हणतील म्हणून मी तसं केलं. शाप आणि हरवलेली अंगठी येते ती कालिदासाच्या नाटकात. तिथूनच १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणलं, आणि दुर्वास मराठी माणसाच्या घरोघर पोचले. म्हणजे झालं काय, तर राजाच्या नावावरची रक्कम काढून ती एका तापट म्हाताऱ्याच्या नावे टाकली. दुष्यंताचं पासबुक कोरं करकरीत आणि दुर्वासांच्या डोक्यावर दोन हजार वर्षांची थकबाकी. आम्ही याला जर्नल एंट्री म्हणतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचंही तसंच. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं राघोबादादांना. लोकांच्या तोंडी राहिली ती आनंदीबाई. खलनायक हा अनेकदा दुसऱ्या कुणाची तरी बाकी असतो.

तेव्हापासून मी ठरवलं, की खलनायक दिसला की आधी विचारायचं: हे खातं नक्की कुणाचं?

आमच्या लोकलमध्ये एक मेफिस्टो आहे. हा आंबिवलीचा. सकाळची गाडी टिटवाळ्याहून सुटते, म्हणून हा आंबिवलीहून उलटा टिटवाळ्याला येतो आणि आम्ही डब्यात चढायच्या आत चार जागांवर चार रुमाल टाकून ठेवतो. एक जागा त्याची, तीन पुढे चढणाऱ्या मित्रांच्या. गेली नऊ वर्षं आमचं भांडण चालू आहे. "गाडी काय टिटवाळेकरांच्या बापाची आहे का?" हे त्याचं वाक्य आणि "मग आंबिवलीकरांच्या सासऱ्याची आहे का?" हे आमचं. भांडण शहाडला विझतं आणि कल्याणच्या रेट्यात सगळेच एकमेकांच्या अंगावर पडले की मिटतं.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस तो आला नाही. आम्ही जागा पटकावल्या आणि विजयाच्या आनंदात ठाण्यापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खिडकी रिकामी असून पटकन कुणी बसेना. पाचव्या दिवशी आमच्यातले एक काका म्हणाले, "बदली झाली असेल." आठव्या दिवशी कुणीच काही म्हणालं नाही. मग आंबिवलीचा एक जण बातमी घेऊन आला, की छातीत दुखलं म्हणून ॲडमिट होता, नळी घातली आहे. डबा एकदम गप्प झाला. नऊ वर्षांत ज्याचं आडनावही आम्ही विचारलं नव्हतं, त्याला किती मुलं आहेत, मुलगी कितवीला आहे, घरचा हप्ता किती राहिला आहे, हे आम्ही त्या दिवशी आंबिवलीवाल्याकडून विचारून घेतलं. रुमालांचाही उलगडा झाला. त्या तीन मित्रांपैकी एकाच्या गुडघ्याची दोनदा ऑपरेशनं झाली होती. ही रक्कमसुद्धा आम्ही नऊ वर्षं भलत्याच खात्यावर टाकत होतो.

सव्वा महिन्याने तो परत आला. शर्ट अंगावर लोंबत होता. त्याने डब्यात शिरून आमच्याकडे न बघता एक, दोन, तीन, चार असे रुमाल टाकले. क्षणभर कुणी बोललं नाही. मग काका ओरडले, "ओ शेठ! गाडी काय आंबिवलीकरांच्या सासऱ्याची आहे का?" त्याने वळून पाहिलं, आणि नेहमीपेक्षा जरा हळू आवाजात, पण नेहमीचंच वाक्य म्हटलं. त्या दिवशी शहाड येईपर्यंत आम्ही इतकं मनापासून भांडलो की शेजारच्या डब्यातली माणसं डोकावून गेली.

मेफिस्टो परत आला की इटलीतले वाचक खूश का होतात, ते मला त्या दिवशी कळलं. जो परत येतो त्याची ओळख होते. आणि ओळख झालेला माणूस निम्माच खलनायक उरतो. खरी भीती परत न येणाऱ्यांची, बिनचेहऱ्याच्यांची. साल्गारींचं करारपत्र, काउंटरवर ताटकळणाऱ्या पेन्शनर आजोबांना मला दिवसातून दहादा सांगावं लागणारं 'सिस्टीम डाऊन आहे', टेबलावरून टेबलावर फिरणारी फाईल. यांच्याशी भांडायला तोंड कुठे असतं? म्हणून माझी मागणी साधी आहे. खलनायकाला कायम करा. त्याला नाव द्या, घर द्या, आजारपणाची रजा द्या आणि पुढच्या अंकात परत बोलवा.

आंबिवलीच्या मेफिस्टोपुरता हा निर्णय मी माझ्या अधिकारात अमलात आणला आहे. डब्यात त्याच्यासाठी मी रोज एक जागा राखून ठेवतो. खिडकीची नव्हे. तेवढा मी नायक नाही.